वेताळ पेठेतील एक जुना तंटा

गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ, आणि त्या पेठेतील पंचहौद मिशनचे नाव काढले की जुन्या पुणेकराला हटकून आठवतो तो चहा. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनच्या आवारात जमलेल्या शहरातील प्रतिष्ठित मंडळींपुढे चहाचे पेले आले, कोणी तो प्याले, कोणी नुसता हाती धरला, आणि गोपाळराव जोशी या विक्षिप्त गृहस्थाने उपस्थितांची नामावळी वर्तमानपत्रात छापवून जे ग्रामण्य उभे केले त्यात टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही अखेरीस प्रायश्चित्ताचा विषय टाळता आला नाही. या प्रकरणावर आजवर इतके लिहिले गेले आहे की त्या आवारात चहाखेरीज दुसरे काही घडलेच नाही असा एखाद्याचा समज व्हावा. वास्तविक चहाच्या पूर्वीही आणि नंतरही तेथे दुसरा एक तंटा चालू होता, तो चहाहून फार जुना होता आणि त्याचा निकाल कोणत्याही शंकराचार्यांच्या आज्ञापत्राने लागण्यासारखा नव्हता. ईश्वर दयाळू आहे असे म्हणावे आणि तो सर्वसमर्थ आहे असेही म्हणावे, तर मग तान्ह्या मुलाला देवी का येतात, बाल्यातच विधवा झालेल्या मुलीने कोणाचे काय केले होते, आणि पाऊस नेमका कुळंब्याच्याच शेतावर का रुसतो, हा तो तंटा.

ख्रिस्ती लोक पुण्यात आले ते हा प्रश्न घेऊन आले नाहीत. पेशव्यांच्या फौजेत चाकरीला असलेल्या पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत जागा मिळाली आणि १७९२ साली क्वार्टर गेटाजवळचे देवालय उभे राहिले. त्या शिपायांना रविवारची उपासना आणि मेल्यावर पुरण्यापुरती जमीन एवढेच हवे होते. पुढे इंग्रजी अमलात लष्करातील सेंट मेरीचे देवालय १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते समर्पित झाले, परंतु तेही गोऱ्या पलटणींचे होते, शहराशी त्याचा संबंध तोफेच्या आवाजाइतकाच. शहराच्या पेठांत हा प्रश्न शिरला तो मिशनऱ्यांच्या शाळा, पुस्तके आणि वादविवाद यांच्या वाटेने, आणि शिरताच त्याला एक तयार उत्तर सामोरे आले.

ते उत्तर पुणेकराच्या हाडीमाशी खिळलेले होते, कारण ते त्याच्या दफ्तराच्या भाषेत सांगता येत असे. पेशवाईच्या या शहरात कीर्द, खतावणी, जमा, खर्च, मागील बाकी आणि वसूल या शब्दांवर पिढ्यान् पिढ्या पोसलेल्या कारकुनी बुद्धीला कर्माचा सिद्धान्त अगदी घरचा वाटावा यात नवल नाही: संचित म्हणजे मागील सालांची साचलेली बाकी, प्रारब्ध म्हणजे त्या बाकीपैकी चालू जन्मी लागू झालेला वसूल, आणि क्रियमाण म्हणजे आज नव्याने पडणारी नोंद. या हिशेबात ईश्वर हा फार तर एक चोख फडणीस. तो कोणावर रुसत नाही, कोणाला झुकते माप देत नाही, खात्यावर जे आहे तेवढेच काढून समोर ठेवतो. वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन आरोप ईश्वरावर येऊ नयेत म्हणून वेदान्ताच्या भाष्यकारांनी नेमकी हीच वाट काढली होती. ज्याला दुःख झाले त्याने ते केव्हातरी कमावलेले आहे असे एकदा ठरले की न्याय अबाधित राहतो. माणसाचे काय होते हा प्रश्न मात्र त्या वहीत बसत नाही.

या हिशेबाचा सर्वांत समर्थ वकील, आणि पुढे त्याचाच सर्वांत समर्थ प्रतिपक्षी, एकच माणूस होता, आणि तो चित्पावन होता ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ झाला आणि ते काशीत वाढले. व्याकरण आणि न्याय यांत पारंगत झालेल्या या तरुणाच्या हाती जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने लिहिलेला ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ पडला. ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता संस्कृत श्लोकांत सिद्ध करू पाहणाऱ्या त्या ग्रंथाला सुबाजी बापू आदी पंडितांनी पूर्वीच उत्तरे दिली होती. परंतु नीळकंठशास्त्र्यांनी अवघ्या एकोणीस-वीस वर्षांच्या वयात, १८४४-४५ च्या सुमारास, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून जे उत्तर दिले त्याची धार वेगळीच होती, कारण त्यांनी नेमके मर्म धरले. तुम्ही पूर्वजन्म मानीत नाही, तेव्हा आंधळा जन्मलेल्या बालकाच्या दुःखाचे कारण तुमच्याकडे नाही; पशूंना ना पाप ना पुण्य, तरी ती यातना भोगतात, तिचेही कारण तुमच्याकडे नाही; आणि एका लहानशा आयुष्यातील अपराधासाठी तुमचा देव अनंतकाळचा नरक देतो, मग आमच्या कर्माच्या हिशेबापेक्षा त्याचा न्याय अधिक दयाळू कसा? असा त्यांच्या आक्षेपांचा आशय होता. युरोपात लायबनिट्झने १७१० साली ज्या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि १७५५ साली सर्व संतांच्या सणादिवशी लिस्बनचे नगर भूकंपाने कोसळून उपासनेला जमलेली माणसे देवळांतच गाडली गेल्यावर व्हॉल्तेरने ज्यावर कडवट लेखणी चालवली, तोच हा विषय. पण काशीच्या या पोरसवदा शास्त्र्याने तो स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या शास्त्राच्या परिभाषेत मांडला होता.

आणि तीनच वर्षांनी, १८४८ च्या मार्चात, जौनपूर येथे त्याच नीळकंठशास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला. ते नेहेम्या गोरे झाले. खंडन करण्यासाठी हाती घेतलेले पुस्तक खंडन करणाऱ्यालाच पचवून बसते असा प्रकार आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही, परंतु येथे त्याची किंमत जबर होती. घर तुटले, पत्नी पुढे त्यांच्याकडे आली खरी, पण मुलगी तान्ही असतानाच ती वारली, आणि ती मुलगी, एलन लक्ष्मी, परक्यांच्या घरी वाढली. दुःखाचे कारण शोधीत निघालेल्या माणसाच्या वाट्याला शोधामुळेच दुःख यावे, याची नोंद जुन्या वहीवाल्यांनी कोणत्या सदरात केली असती ते सांगवत नाही.

गोऱ्यांनी पुढे हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला आणि १८६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. त्यात त्यांनी आपल्याच तरुणपणीच्या शस्त्रागारावर हल्ला चढवला आहे. कर्माची मालिका अनादि आहे असे म्हणणे म्हणजे उत्तर देणे नव्हे, उत्तराची मुदत मागे मागे ढकलणे होय. आणि ज्या अपराधाची अपराध्याला काडीमात्र आठवण नाही त्याची शिक्षा त्याला सुधारणार ती कशी, हा या विचारसरणीचा रोख. युक्तिवाद तीक्ष्ण आहे. तरीही या ग्रंथाचा विचार करताना मला असे वाटल्याखेरीज राहत नाही की शास्त्रीबुवांनी पक्ष बदलला, कचेरी बदलली नाही. फिर्याद तीच, कैफियत तीच, फक्त वादी प्रतिवादीच्या जागी जाऊन बसला. ख्रिस्ती परंपरेत ऑगस्टीनने दुष्ट म्हणून काही स्वतंत्र वस्तूच नाही, ती केवळ सत्तत्त्वाची उणीव आहे असे म्हणून ईश्वराला मोकळे केले होते. पण ही तोड एखाद्या नैयायिकापुढे ठेवली असती तर त्याने शांतपणे सांगितले असते की महाराज, अभाव हा आमच्याकडे सातवा पदार्थच आहे, आणि पोटातल्या अन्नाचा अभाव जसा दुखतो तसा भावही दुखत नाही. गोऱ्यांना हे सांगायला कोणा तिसऱ्याची गरज नव्हती, आणि म्हणूनच की काय, अनंतकाळच्या नरकाचा जो आक्षेप त्यांनी एकोणिसाव्या वर्षी मिशनऱ्यांवर फेकला होता तो उतारवयात त्यांच्याच अंगावर उलटून आला. शास्त्रात आहे म्हणून तो सिद्धान्त ते मानीत राहिले, आणि मानीत असतानाच त्याने ते पोळत राहिले. प्रामाणिक माणसाची परवड याहून वेगळी नसते.

हे गोरे वयाच्या पन्नाशीनंतर काउली येथील संन्यस्त पाद्र्यांच्या संघात उमेदवार म्हणून गेले आणि त्या संघाच्या पंचहौदावरील कार्याशी जोडले गेले. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या स्त्रिया १८७७ पासून पुण्यात होत्या. १८८५ साली तेथील पवित्र नाम देवालय समर्पित झाले आणि पुढे शहराच्या कौलारू छपरांवरून त्याचे घंटाघर दिसू लागले. आज आपण ज्याला पंचहौद म्हणतो तो असा साकार झाला, आणि तेथे धोतर-उपरण्यातल्या विद्वानांपुढे हा कृश, संथ बोलणारा माजी शास्त्री वाद करीत बसे.

परंतु तंटा केवळ विद्वानांचा होता असे समजणे ही चूक ठरेल. या शहरात तो सर्वांत निर्भयपणे मांडला तो एका मुलीने, तोही गोऱ्यांचा दर्पण निघण्यापूर्वी. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील चौदा वर्षांच्या आतबाहेरची विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदया’ने १८५५ च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च या दोन अंकांत छापला. वेद वाचण्याचा आम्हांला अधिकार नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहो, मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, अशा आशयाचे तिचे विचारणे आहे. आणि पेशवाईत तालीमखान्यापुढून गेलेल्या मांगाच्या शिराचा गुलटेकडीच्या मैदानावर चेंडू कसा होत असे, ही आठवणही त्यात आहे. मिशनच्या संपादकांनी हा मजकूर छापला त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता असे कोण म्हणेल? हिंदू समाजाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारा मजकूर त्यांना हवाच होता. पण मुक्ताने कर्माची खतावणीही उघडली नाही आणि आदामाच्या पतनाची कथाही सांगितली नाही. तिने तिन्ही त्रिकाळ न्यायाधीश म्हणून बसलेल्यालाच उठून उभे राहायला लावले. ईयोबाच्या ग्रंथाशी, म्हणजे बायबलातील त्या ग्रंथाशी जेथे पीडित माणूस देवाशी तंटा करतो आणि देवही त्याला रागावत नाही, या निबंधाचे नाते आहे. ते त्या वेळच्या किती पाद्र्यांच्या ध्यानी आले असेल याची मला शंका वाटते.

ईयोबाची गोष्ट येथे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण मराठी वाचकाला ती हरिश्चंद्रासारखी वाटण्याचा संभव असतो आणि ती तशी नाही. ईयोब सात्त्विक, सुखवस्तू माणूस. त्याची गुरे गेली, मुले गेली, अंगभर फोड उठले आणि तो राखेत बसला. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र समाचाराला आले, सात दिवस गप्प बसले, आणि बोलू लागले ते थेट आपल्या गल्लीतल्या शास्त्र्यांसारखे: तू काहीतरी केले असशीलच, त्याशिवाय हे होणार नाही. ईयोबाने ते शेवटपर्यंत कबूल केले नाही. अखेरीस देव वावटळीतून बोलला. त्याने दुःखाचे कारण सांगितलेच नाही, पण कारण सांगणाऱ्या मित्रांवर मात्र तो रुष्ट झाला. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप याचे की आईबापांचे. जन्मण्यापूर्वीच पाप करण्याची कल्पना ज्या प्रश्नात गृहीत आहे असा हा प्रश्न पुण्याच्या ब्राह्मणांना ओळखीचा वाटावा यात काय आश्चर्य? येशू दोन्ही पर्याय नाकारतो, जमिनीवर थुंकून चिखल करतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. विद्वानांच्या वादात या चिखलाची फारशी वाटणी आली नाही.

चिखलाची बाजू या शहरात आली ती पंडिता रमाबाईंच्या रूपाने. १८८२ साली त्या पुण्यात आल्या तेव्हा वय अवघे चोवीस, आणि तेवढ्या वयात आईबाप, बहीण, भाऊ आणि पती इतकी माणसे त्यांनी गमावली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. दुष्काळ आला तेव्हा होते नव्हते ते द्रव्य देवांच्या अनुष्ठानांत आणि ब्राह्मणांच्या दानदक्षिणेत खर्ची पडले, मजुरी करणे अब्रूला शोभेना, आणि कुटुंब रानातला पाला खाऊन दिवस काढू लागले. बाप गेला, मागोमाग आई. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा रमाबाईंचा. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. रमाबाई उंचीने ठेंगण्या, त्यामुळे त्यांचा खांदा तिरडीला पोहोचेना. तेव्हा त्यांनी तिरडीचा आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि तशाच चालत गेल्या. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि कसलाही आक्रोश न करता लिहिली आहे.

अशा बाईपुढे गोरे युक्तिवाद घेऊन आले. पुण्यात त्यांच्या भेटी झाल्या, पुढे पत्रे झाली, ग्रंथ झाले; आपली बुद्धी वळवण्याचे श्रेय रमाबाईंनी त्यांना मुक्त कंठाने दिले आहे. पण मन वळले ते निराळ्या ठिकाणी. १८८३ साली त्या इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींकडे गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांचा त्या भगिनींनी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला, आणि अशा स्त्रियांची कोणी सेवा करते, त्यांना पूर्वपापाचा पाढा न वाचता जवळ घेते, या दृश्याचा अर्थ त्या विचारू लागल्या. भगिनींनी त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांच्या विहिरीवरील भेटीचा अध्याय वाचायला दिला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्यांचा व चिमुकल्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याच सुमारास त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्मघात केला. या घटनेवर रमाबाईंचे चरित्रकार बहुधा घाईने पुढे सरकतात, मीही फार थांबू शकत नाही, पण बाप्तिस्म्याच्या त्या आनंदावर ही सावली होती एवढे विसरता कामा नये. आणि ख्रिस्ती झाल्यावर रमाबाई मुकाट्याने हो म्हणणाऱ्यांत जमा झाल्या असेही नव्हे. भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार आहे त्यात त्रैक्याच्या सिद्धान्तापासून बिशपांच्या अधिकारापर्यंत पुष्कळ गोष्टींवर त्यांनी हुज्जत घातली आहे. ब्राह्मणांची सत्ता झुगारून आलेल्या आपण पाद्र्यांची सत्ता डोळे मिटून का मानावी, हा त्यांचा सरळ सवाल होता.

त्यांनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९३ साली तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात म्हणून गहजब झाला, ‘केसरी’ने तोफ डागली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या वादात दोन्ही बाजूंनी बरेच खरे आणि बरेच अतिरिक्त बोलले गेले. त्याची उजळणी करण्यापेक्षा १८९७ सालाकडे वळावे, कारण तंट्याचे खरे दफ्तर त्या साली उघडले.

त्या साली दुष्काळ आणि प्लेग दोन्ही एकदम आले. मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या ऐकून रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींचे तांडेच्या तांडे घेऊन पुण्याकडे परतल्या. पण पुण्यातच प्लेग बोकाळलेला. शारदा सदनात नवी माणसे ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर राहुट्या आणि गवताच्या खोपटी उभारून त्यांना आसरा द्यावा लागला. शहरात रँडसाहेबाच्या हुकमतीखाली मार्चपासून गोरे सोजीर घरोघर झडती घेत होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे की प्लेगच्या इस्पितळांत आणि विलगीकरणाच्या छावण्यांत स्त्रियांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात रमाबाईंनी उघडपणे पत्र लिहिले, आपल्याच आश्रमातील मुलीचा दाखला दिला, आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. प्लेग ही ईश्वराची शिक्षा असे व्याख्यान देणारे त्या साली दोन्ही धर्मांत थोडे नव्हते. शिक्षा असेल तर इस्पितळ सुधारण्याचे कारण उरत नाही, आणि रमाबाई इस्पितळ सुधारा म्हणत होत्या. त्याच मार्चच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने वारल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या, पण या तंट्यात त्यांची साक्ष घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता आक्षेपाची बाजू. पोटासाठी ख्रिस्ती झालेल्यांना आपण ज्या तुच्छतेने हिणवतो ती तुच्छता मला मान्य नाही, कारण ज्याच्या घरी त्या दिवसांत हंडा रिकामा नव्हता त्याला तो अधिकार नाही. परंतु भुकेल्याच्या हाती भाकरी आणि शुभवर्तमान एकदम देणाऱ्याने स्वतःला विचारावा असा एक प्रश्न उरतोच. दुष्काळ हा मंडळी वाढवण्यासाठी ईश्वराने दिलेला सुयोग आहे अशी भाषा काही मिशनऱ्यांच्या तोंडी येत असे, आणि ती भाषा अलीफज-बिल्ददांच्या भाषेहून मला तरी वरच्या दर्जाची वाटत नाही. मनुष्याच्या आतड्याला पडलेला पीळ कोणाच्या तरी योजनेतील एक बाब म्हणून जमेस धरायचा, मग ती योजना कर्माची असो वा तारणाची.

हा तारण शब्दच पाहा. मराठी ख्रिस्ती माणूस त्याचा अर्थ उद्धार असा घेतो, येशूला तारणारा म्हणतो. आणि तोच शब्द बुधवारात सावकाराच्या पेढीवर गहाणवटीसाठी वापरला जातो, दागिना तारण ठेवून रक्कम उचलली जाते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांसाठी देतो असे सांगताना मराठी भाषांतराने खंडणी हा शब्द योजला आहे. ज्या मुलखाने शतकभर खंडणी वसूल केली त्या मुलखाच्या कानी हा शब्द पडावा, आणि वसूल करणारा नव्हे तर भरणाराच देव आहे असा त्याचा अर्थ निघावा, ही उलटापालट भाषांतरकारांनी जाणूनबुजून केली की अभावितपणे झाली कोण जाणे. परंतु गोऱ्यांच्या दोन्ही कचेऱ्यांत जे सुचले नव्हते ते या एका दफ्तरी शब्दात आहे: फडणीस गादीवरून उठला आणि येऊन देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. यातून दुःखाचे कारण कळत नाही. जन्मांध जन्मांधच का जन्मला ते अजूनही कोणी सांगितलेले नाही.

एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी एकदा उत्तम शुक्रवारी दुपारी पंचहौदाच्या देवालयात जाऊन बसलो होतो. बारापासून तीनपर्यंत उपासना चालते. वधस्तंभावरील सात उद्गारांवर एकेक प्रवचन होते, घंटा त्या दिवशी मुक्या असतात, वेदीवर वस्त्र नसते, आणि एप्रिलचे ऊन असे की दगडी भिंतींच्या आतही घामाच्या धारा लागाव्यात. पहिल्या तीन उद्गारांवर पाळकसाहेब चांगले ओघवते बोलले. चौथा उद्गार म्हणजे देवाने आपल्याला का टाकले हा येशूचा आक्रोश. तेथे आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुस्तक मिटले, आणि यावर मला फार बोलता येणार नाही असे सांगून ते खाली बसले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. माझ्या पुढच्या बाकावर नऊवारी नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या हातातल्या पुठ्ठ्याच्या पंख्याने स्वतःला वारा घेत होत्या. त्यांनी तो पंखा वळवला आणि शेजारी पेंगुळलेल्या नातवाला वारा घालू लागल्या. मग पेटीवर गीताचे सूर निघाले.

केडगावास रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले, तेही अशा सोप्या बोलीत की तेथील मुक्तीसदन या त्यांच्या आश्रमातल्या नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता यावे. ज्यांच्यावर सर्व कार्याचा भार टाकायचा त्या मनोरमा १९२१ च्या जुलैत आईच्या आधी गेल्या. रमाबाईंनी काम थांबवले नाही; मुद्रिते तपासून पुरी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, पुस्तक बाहेर पडले ते १९२४ साली. त्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतल्या स्त्रिया आणि मुली करीत, आणि त्यांतल्या कित्येक दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. खिळा उलटा असतो, ओळ उलटीच वाचावी लागते. राखेत बसलेल्या ईयोबाची फिर्यादही या बोटांनी अशीच, एकेक अक्षर उलटे धरून, जुळवली.